भिंतीशी बोलणारी सून

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, तर माझ्या थोरल्या वहिनीचे. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा मी कॉलेज सोडायला निघालो होतो. ‘भाऊजी, गुमान नाशिकला जायचं,’ ती म्हणाली, आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो.

निफाडजवळच्या आमच्या गावात शौर्याला तोटा नव्हता. उसात शिरलेल्या बिबट्यामागे दादा नुसती काठी घेऊन धावला होता. ती गोष्ट दरवर्षी वाढे, तिच्यातला बिबट्याही. पण वडिलांना लकवा झाल्यावर त्यांची अंथरुणं बदलायची वेळ आली, की दादाला द्राक्षबागेत हटकून काम निघे. भर पावसातही फवारणी निघे.

आई कधीच गेलेली; उरली वहिनी. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. सांगायचं ते पदर पुढे ओढून भिंतीला सांगायचं: ‘चहा ठेवलाय म्हणावं.’ भिंत ऐके, वडीलही ऐकत. आता तीच वहिनी, पदर दातात धरून, त्यांची घाण काढू लागली. वडिलांना ते सोसवेना. त्यांनी त्यावर उपाय शोधला: खाणंच बंद केलं. पोटात काही गेलं नाही, तर सुनेला काही काढावंही लागणार नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर हातचे जातील.

मी सुट्टीला घरी होतो. वहिनी ताट घेऊन गेली. ‘जेवायचंय म्हणावं,’ भिंतीला म्हणाली. वडिलांनी तोंड फिरवलं. मग तिने पुढे ओढलेला पदर मागे सारला आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, ‘मामंजी, तुम्हाला लाज वाटती, मलाबी वाटती. दोघं मिळून लाजू. पण आधी जेवा.’

‘हिची हिंमत तर बघ,’ दारात दादा मला म्हणाला. त्याला आगाऊपणा म्हणायचा होता, पण बोलला तो शब्द खरा होता.

वडिलांनी तोंड परत तिच्याकडे वळवलं. मग अडखळत म्हणाले, ‘आवाज लय मोठा हाय गं तुझा.’ आणि घासासाठी तोंड उघडलं.

नाशिकला परतल्यावर मी तिला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. दादाच वाचून दाखवणार, हे धरून लिहिलं:

‘वहिनी, तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून वडील आहेत. हे तिथेच सांगायला हवं होतं, पण जीभ रेटली नाही. परीक्षा झाली की येतो, मग वडिलांचं सगळं मला शिकवा. दादा, पुढचं तुझ्यासाठी, पण मोठ्याने वाच. रविवारी वडिलांना अंघोळ तू घाल. घाबरू नकोस. वहिनी जवळ उभ्या राहतील.’