लाल शेवटी

"लाल शेवटी!" हे आमच्या शेजारच्या ड्रॉइंग मास्तरांचं ब्रीद होतं. चित्रात लाल आधी आलं की बाकीच्या रंगांकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही अशी हट्टी माणसं पाहिली असतील. पण आमचे मास्तर पानातली लसणीची चटणीसुद्धा शेवटी खायचे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मुलुंडला आमच्या बैठ्या चाळीमागे मास्तरांची हातभर बाग होती. मे महिन्याची सुट्टी लागली की मोगऱ्याजवळ पाट मांडून ते आपल्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, चित्रासाठी बसवायचे. वहिनी कसल्या बसतात! पापड उलटायला उठायच्या, मांजर हाकलायला उठायच्या.

"अगं, हलू नकोस!"

"मग दगड आणून बसवा."

असे तीन उन्हाळे गेले. चित्र तेच.

तिसऱ्या उन्हाळ्यात ते जवळजवळ झालं. वहिनींचं ओठ दाबून हसणं अगदी तंतोतंत. पण कपाळ कोरं! सवाष्णीचं चित्र आणि कुंकू नाही? चाळीतल्या बायका हळहळल्या. वहिनींनाही ते लागलं होतं.

"अहो, आधी तेवढं कुंकू लावा. अभद्र दिसतं."

"चित्रात मागची जास्वंदही अजून पांढरीच आहे. ती रडते का? लाल शेवटी."

मी वहिनींची बाजू घेतली, तर मास्तर मलाच म्हणाले, "तुमच्या पोळ्यांत मी नाक खुपसतो का?" खुपसायचे. गोल नाहीत म्हणायचे.

शाळा उघडायच्या आठवड्यात छातीत कळ येऊन मास्तर गेले. बायका चित्राकडे बघून कुजबुजू लागल्या, आम्ही म्हटलंच होतं. एकीनं तर ते घरात ठेवू नका म्हणून वहिनींना तोंडावर सांगितलं. मला तिचा भयंकर राग आला.

महिन्याभरानं वहिनींनी मला हाक मारली. चित्र भिंतीला टेकवलेलं, त्यांच्या हातात मास्तरांच्या लाल रंगाची नळी. त्यांचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं. त्यांनी बोटावर रंग घेतला आणि चित्रातल्या कपाळावर टेकवला.

"वहिनी, कुणी काही म्हणेल."

"म्हणू दे. चित्रातल्या माझ्यासमोर ते अजून बसलेत गं. त्यांच्यासमोर मी अशी कशी बसू?"

मग बोट पुसत त्यांनी विचारलं, "मधोमध आलंय ना?"

जरा डावीकडे गेलं होतं. मी हो म्हटलं.