हात रिकामे नसलेल्या बाई

आमच्या गेटाची कडी बाईंनी कधी हाताने काढली नाही. कोपराने कडी वर उचलायची, पायाने गेट ढकलायचं आणि आत यायचं, ही त्यांची रीत. दोन्ही हातांत काहीतरी असायचंच. कधी पातेलं, कधी झाकलेलं ताट, कधी दुसऱ्याच कोणाचा परत द्यायचा डबा. मी हौसेने बसवलेली बेल त्यांनी एकदाही वाजवली नाही. विचारलं, तर म्हणायच्या, "बेल वाजवायला हात रिकामे लागतेत, साहेब."

साहेब म्हणजे मी. बँकेत कारकून आहे, पण बाई गमतीने साहेब म्हणायच्या आणि त्या गमतीत कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधीच नीट कळलं नाही. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर झरीचं. यजमान वारलेले, मुलगा पुण्यात नोकरीला. आमच्या समोरच्या बंगल्यात एकट्या राहायच्या.

परभणीच्या कडेला अशा वसाहती तुम्हीही पाहिल्या असतील. काल जिथे कापूस होता, तिथे आज कमान उभी, आणि कमानीवर इंग्रजीत नाव. आमच्या वसाहतीतले सगळे खाऊनपिऊन सुखी. कोणी झरीचा, कोणी मानवतचा, आम्ही बोरीकडचे. गावात जो तो कसाही राहिला असेल, पण इथे येऊन प्रत्येकाने कंपाउंडची भिंत आधी बांधली. घरं मागून झाली. आलेला प्रत्येक जण आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा हातभर उंच घ्यायचा, त्यामुळे जुन्या घरात पावसाचं पाणी शिरायचं. बाईंचं घर सगळ्यांत पहिलं, म्हणून सगळ्यांत खाली. पावसाळ्यात त्यांच्या पोर्चमध्ये चपला तरंगायच्या. त्या साडी खोचून खराट्याने पाणी बाहेर लोटायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या, "उंच बांधा, आजून उंच बांधा. शिडी लावून येईन मी."

नवीन कुटुंब आलं की पहिल्या दिवशी बाई चहा घेऊन हजर. मग तीन प्रश्न. गाव कोणतं? घरात कोण कोण? तिखट किती चालतं? आडनाव त्या विचारत नसत. आमच्या वास्तुशांतीला आल्या तेव्हा सगळं घर फिरून पाहिलं, हॉलमध्ये उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हॉल तर लय मोठा बांधला, साहेब. बसायला कोण येणार हाय?" माझी बायको नंतर दोन दिवस धुमसत होती. खरं सांगायचं, तर मीही.

वसाहतीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर कचऱ्याची गाडी, कुत्री आणि पार्किंग यांवरून रोज जुंपायची. शेजारी शेजाऱ्याशी भिंतीवरून बोलायचा नाही, पण ग्रुपवर मात्र तावातावाने लिहायचा. बाई ग्रुप वाचत नसत. एकदा चुकून त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन ग्रुपवर पडला. त्या मांजराला सांगत होत्या, "जा की, त्या कोपऱ्यावरच्या वकिलाकडं जा. त्यांच्यात दूध लय, माणुसकीच तेवढी कमी हाय." सगळ्या वसाहतीने ऐकलं. वकील महिनाभर फुगून होते. बाई त्यांच्याकडे लिंबाचं लोणचं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "मांजर न्हाई आलं, मीच आले." वकीलसाहेबांना हसू आवरलं नाही.

आता आईबद्दल सांगायला हवं. आईला आणि दादांना, म्हणजे माझ्या वडलांना, मी गावाहून इथे आणलं ते जवळजवळ ओढूनच. दादा रमले. आई रमली नाही. दुपारी गेटाशी उभी राहायची आणि रिकामा सिमेंटचा रस्ता बघून आत यायची. बाई बौद्ध. आमच्या गावात त्यांच्या समाजाची वस्ती ओढ्यापलीकडे, आणि तिकडचं अन्न आमच्या घरात येत नसे. आई त्याच शिस्तीत वाढलेली. बाईंनी काही आणलं की आई गोड बोलून घ्यायची आणि ओट्यावर ठेवून द्यायची. आम्ही बाकीचे ताव मारायचो. बाईंच्या हे लक्षात आलं नसेल, असं समजू नका. तरी त्या आणतच राहिल्या.

दुसऱ्याच वर्षी, सोयाबीनच्या काढणीत, दादा गेले. पहाटे छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं. ग्रुपवर भराभर जोडलेले हात आले. पुरुष मंडळी स्मशानात आली आणि तिथूनच आपापल्या घरी गेली. गावाकडची भावकी जीप भरून आली, पण पीक रानात उघड्यावर पडलेलं, आभाळ भरून आलेलं. संध्याकाळच्या आत ते परत निघाले. माझी आत्या तेवढी थांबली.

आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलंभाकरी आणतात, घरच्यांना बळेच दोन घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. गावात हे कोणाला सांगावं लागत नाही. इथे काय झालं, तर भावकीला वाटलं, एवढी मोठमोठ्या लोकांची वसाहत, शेजाऱ्यांनी केलं असेल. आणि वसाहतीला वाटलं, एवढी जीपभर माणसं आली, भावकीने केलं असेल. दिवेलागण झाली, तरी घरात अन्नाचा कण नव्हता. आई त्या मोठ्या हॉलमध्ये सोफ्याला पाठ लावून खाली बसली होती. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता.

"मला गावाकडं न्हेऊन सोड," ती म्हणाली. "हितं आपलं कोण हाय?"

मला भीती वाटली ती एवढीच, की आई आता या घरात जगणार नाही.

बाई त्या दिवशी मानवतला बहिणीकडे गेल्या होत्या. एसटीने परतल्या, कोपऱ्यावर दूधवाल्याने सांगितलं. त्या आधी आमच्याकडे आल्याच नाहीत. सरळ घरी जाऊन चूल पेटवली. मग गेट कोपराने वाजलं. एका हातात पिठल्याचं पातेलं, दुसऱ्यात फडक्यात बांधलेल्या भाकरी.

आत्याने आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. बाईंनी ते पाहिलं. आईच्या समोर फरशीवर मांडी घालून बसल्या, दोन ताटं वाढली, एक स्वतःपुढे ओढलं.

"अक्का, मी बी सकाळपासून उपाशी हाय," त्या म्हणाल्या. "आमचे हे गेले तवा मला एकटीला घास गिळत नव्हता. कोणी संगं बसलं नव्हतं. तुमी बसा माझ्यासंगं."

आणि त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. हातात धरून नुसत्या बसून राहिल्या. माझी बायको दाराशी उभी होती, ती रडायला लागली. मग आईने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. बाईंनी तेव्हा कुठे आपला घास तोंडात घातला.

थोड्या वेळाने आई म्हणाली, "भाकरी जाड झालीया."

"घाईत थापली," बाई म्हणाल्या. "उद्या या शिकवायला."

आत्यानेही मग चतकोर घेतली.

दुसऱ्या दिवसापासून बाई गेटागेटाला फिरल्या. "आज तुमच्याकडून, उद्याचा जिम्मा त्यांचा," असं दहाव्यापर्यंत लावून दिलं. एका घरून हॉटेलातलं पनीर आलं, तर ते तसंच परत पाठवलं. "दुखाच्या घरी तवंगाची भाजी? खामखा पोट बिघडायचं." वकीलसाहेबांनी स्वतः वरणभात आणला. कुकर उघडता येईना म्हणून कुकरसकट.

आई गावाला गेली नाही. पुढे ती आणि बाई मिळूनच फिरायच्या, कुठे बाळंतपण, कुठे दुखवटा. कोणत्या घरी चूल पेटली नाही हे दोघींना ग्रुपच्या आधी कळायचं. वसाहत वाढत गेली, मागे आणखी दोन वसाहती झाल्या. रस्त्यावर गाड्या मावेनात, नळाला पाणी पुरेना, सगळं खरं. पण माझ्या आईला या सिमेंटच्या जंगलात जी माणसं मिळाली, ती बाईंनी मिळवून दिली. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

गुडघे फारच दुखायला लागले तेव्हा मुलगा बाईंना पुण्याला घेऊन गेला. बंगला विकला गेला. नव्या मालकाने तो पाडून उंच जोत्याचा बांधला. बाईंचा फोन यायचा, आईशी तासतासभर बोलायच्या.

या हिवाळ्यात एका सकाळी ग्रुपवर बाईंचा फोटो आला. खाली जोडलेले हात.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "पोराच्या घरी कोण गेलं असंल?"

"पुण्यात आहेत ते, आई. त्यांची माणसं असतील. काही मागवलं असेल."

"असंच वाटलं व्हतं ना समद्यांना," ती म्हणाली आणि परातीत पीठ घेतलं.

मी बँकेत फोन करून रजा टाकली. गाडी काढली. आई भाकरीचं गाठोडं आणि पिठल्याचा डबा मांडीवर घेऊन मागे बसली. जेवायला थांबू म्हटलं, तर थांबू दिलं नाही. पोचलो तेव्हा अंधार पडला होता. चहूबाजूंनी उंच इमारती, आणि खाली गणवेशातला पहारेकरी. त्याने डबा आणि गाठोडं पाहून विचारलं, "डिलिव्हरी का?"

मी फ्लॅट नंबर सांगितला, बाईंच्या मुलाचं नाव सांगितलं.

"त्यांच्याकडे आज मयत झालंय," तो म्हणाला. "तुम्ही नातेवाईक का?"

आईने काच खाली केली. "न्हाई. शेजारी."

तो गोंधळला. त्याने गाडीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "कोणत्या विंगचे?"

"परभणीचे," आई म्हणाली.