पलीकडे गेलेले डोंगे

गुणवंतरावांनी चामोर्शीत धानाची गिरणी घातली तेव्हा गाव हसलं होतं. आईबरोबर घरोघरी धान कांडत वाढलेला माणूस, त्याला कसली गिरणी! पण पाच वर्षांत त्यांचा तांदूळ वैनगंगेपलीकडच्या बाजारात जाऊ लागला, नदीवर माल नेणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या दोन नावा, दोन डोंगे झाले आणि हसणारेच दारात कामाला उभे राहिले.

एकुलती एक लेक वच्छला नदीपलीकडे चांद्याला दिली होती. तिथे सरकारी दवाखाना होता. पण पहिलं बाळंतपण माहेरीच, ही रीत; ती मोडून चारचौघांत नाक कोण कापून घेणार? गुणवंतरावांनी लेकीला मोठ्या हौसेने घरी आणलं.

पोळा तोंडावर आला. त्यांनी पहाटेच दोन्ही डोंगे तांदूळ भरून पलीकडच्या बाजाराला धाडायला काढले.

"एक राहू द्या इथी," त्यांच्या पत्नी भागीरथाबाई म्हणाल्या. "पोरीचे दिवस भरत आले."

"अजून आठ दिवस आहेत तिले. बाजार काय थांबून राह्यला का आपल्यासाठी?"

दुपारीच कळा सुरू झाल्या. सुकरी सुईण बाहेर आली. "भाऊ, लेकरू आडवं आहे. माह्या हातचं काम नाई. चांद्याले न्या."

खाटेवर घालून लेकीला काठावर आणलं. पाणी चढलेलं, काठावर तिसरी नाव नाही. पलीकडे दोन्ही डोंगे दिसत होते, पण बाजार उरकल्याशिवाय नावाडी परतणार नव्हते. हाका मारून गुणवंतरावांचा घसा बसला. एवढ्या पात्रातून हाक जाते थोडीच!

"बाबा, डोंगा आला का?" वच्छलाने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही.

गुणवंतरावांनी गिरणी विकली. काठाजवळ बाळंतिणींसाठी दोन खोल्या बांधल्या, नागपूरहून नर्स आणली. एक डोंगा कायम अलीकडे बांधलेला. त्यात पोतं चढवायचं नाही, अशी सक्त ताकीद. लोक त्यांना धर्मात्मा म्हणू लागले. लोकांचं काय जातं म्हणायला!

तीन वर्षांनी पोचू नावाड्याची लेक तिथे अडली आणि सुटली. त्या दिवशी पलीकडे गेलेला एक डोंगा याच पोचूने नेला होता. तो रडत पायांवर पडला. "भाऊ, नातीचं नाव वच्छला ठेवतो."

गुणवंतरावांनी त्याला हाताला धरून उठवलं. भागीरथाबाई मागे उभ्या होत्या. तीन वर्षांत त्यांनी नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नव्हता.

"ठेव, बापा," त्या म्हणाल्या. "पण तिच्या बाळंतपणाले तिले माहेरी आणू नको."

आणि गुणवंतराव त्या नावाड्यापुढे पोरासारखे हमसून रडले.