बंद कॉम्प्युटरचा चालू इन्व्हर्टर

परवा मंगळवारी खोडाळ्याच्या पुढच्या एका आरोग्य उपकेंद्रात गेलो होतो. या वर्षातली तिसरी खेप... आणि खरं सांगतो, फाट्यावर गाडी वळवताना तसंच परत फिरावंसं वाटत होतं.

माझं काम बऱ्याच जणांना माहीत आहे. जव्हार-मोखाड्यात सरकारी ठिकाणी जे काही कॉम्प्युटर, प्रिंटर, राउटर, बॅटऱ्या असतील त्यांना स्टिकर चिकटवायचे आणि ॲपमध्ये स्कॅन करायचं. वस्तू कधी आली, कुठे आहे, चालू की बंद, भंगारात कधी गेली... सगळी कुंडली. मी एका एजन्सीचा कंत्राटी माणूस, पण नोंदीच्या बाबतीत भलताच काटेकोर. बायको म्हणते, एक दिवस मिठाच्या बरणीलाही नंबर द्याल.

आषाढात पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथला कॉम्प्युटर दोन वर्षांपासून बंद होता. मदरबोर्ड गेलेला, आणि निर्लेखनाचा, म्हणजे तो बाद करण्याचा, प्रस्ताव वर कुठेतरी अडकलेला. त्याच्यासोबत आलेला इन्व्हर्टर आणि बॅटरी मात्र जागेवर नव्हती.

सापडली मागच्या बाळंतपणाच्या खोलीत. सिस्टरांनी त्यावर एक ट्यूब आणि बाळाला ऊब द्यायचा दोनशे वॅटचा बल्ब जोडून घेतला होता. इकडे पावसात लाइट गेली की दोन-दोन दिवस येत नाही, आणि त्या खोलीची खिडकी जेमतेम हातभर.

"सर, नोंद जुनीच राहू द्या ना," सिस्टर म्हणाल्या. "कॉम्प्युटरजवळ आहे असंच लिहा. काम चाललंय, कुणाचं काही बिघडत नाहीये."

मी हसलो आणि त्यांनाच समजावत बसलो. खरी जागा लिहिली तर उद्या बॅटरी उतरल्यावर नवी थेट याच खोलीत येईल वगैरे. मी मोठ्या हौसेने 'स्थान : प्रसूती कक्ष' असं भरलं आणि परतताना खोडाळ्याच्या बाजारात भजी खाल्ली. आज एक चांगलं काम केलं, असंच मनात होतं.

पंधरा दिवसांत वरच्या ऑफिसातून पत्र आलं. सिस्टरांच्या नावाने, मला प्रत. ॲपच्या हिशेबाने कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर हा एक सेट. कॉम्प्युटर बाद होईपर्यंत सेट मोडता येत नाही. इन्व्हर्टर मूळ जागी ठेवावा, संगणकाखेरीज दुसरी जोडणी करू नये, आणि फोटो पाठवावा. वर सिस्टरांकडून खुलासाही मागितला होता... त्याही कंत्राटीच आहेत.

फोटो काढायला कोण जाणार? मीच.

दुसऱ्या खेपेला माझ्याच हाताने त्या खोलीतल्या वायरी सोडवल्या. बॅटरीचं दुसरं टोक धरलं यमुनाबाईंनी. त्या तिथल्या मदतनीस, शेजारच्याच पाड्यावरच्या, पन्नाशीच्या असतील.

"सायबा, ह्यो कॉम्पुटर तं मेलाय," त्या म्हणाल्या. "त्याला लाइट काय करायची?"

बंद कॉम्प्युटरच्या बाजूला चालू इन्व्हर्टर ठेवला, फोटो काढला, आणि ॲपमधली लाल ओळ हिरवी झाली. सेट मोडायची परवानगी मिळावी म्हणून मी अर्जही केला. निर्लेखन पूर्ण झाल्यावर विचार होईल, असं उत्तर आलं.

श्रावणात एकदा लाइट जाऊन दुसरा दिवस होता. भरदुपारी एका पाड्यावरून अडलेली बाई आली. त्या अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या उजेडावर बाळंतपण करायचा सिस्टरांना धीर झाला नाही, म्हणून त्यांनी तिला जीपने मोखाड्याला पाठवलं. ती वाटेत घाटातच बाळंत झाली.

बाळ गारठलं होतं. पुढे जव्हारला हलवलं, बरेच दिवस ठेवून घेतलं. आता बरं आहे म्हणतात... वस्तू जागेवर आहे की नाही याची खात्री करत तालुकाभर फिरणारा मी, त्या बाळाची खात्री करायला काही गेलो नाही. लाज वाटली.

परवा नेहमीची पडताळणी होती. सगळं जागच्या जागी, एकही तफावत नाही. सिस्टरांनी सही केली, माझ्याकडे न बघता. मागच्या खोलीला कुलूप होतं. लाइट नसली की आता त्या कुणाला ठेवूनच घेत नाहीत.

निघताना यमुनाबाई गाडीपाशी आल्या. मला वाटलं, आता चार शब्द ऐकवणार. ऐकवले असते तर बरं झालं असतं.

"सायबा, माझे सुनंचे दिवस भरत आलंत," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या मागंपुढं. थंडी पण पडंल तवर. ती बॅटरी परत आत ठेवाल का?"

त्यांना वाटतं, मी काढली म्हणजे मीच लावू शकतो. मी "बघतो" म्हणालो आणि गाडी सुरू केली. ते 'बघतो' परवापासून डोक्यातून जात नाहीये.

म्हणून ही पोस्ट. कुणाच्या घरी चालू स्थितीतला जुना इन्व्हर्टर-बॅटरी पडून असेल... फ्लॅट बदलताना, सोसायटीत जनरेटर आल्यावर माळ्यावर टाकलेला... तर कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि दिवाळीच्या आत त्या मागच्या खोलीत बसवून देईन.

बिल नको, वॉरंटी कार्ड नको. मी तो कुठेही नोंदवणार नाही.