खोलीतला आडोसा

हिंदी मुलखात, झोटवाड्यात आम्ही सहा जण एका खोलीत राहायचो. आई मधे जुनी साडी बांधायची, तिला आडोसा म्हणायची. मोरीपुढचा पत्रा, स्टोव्हपुढचा पुठ्ठा, तेही तिचे आडोसेच. पण साडीआड भावांच्या गलक्यात माझा अभ्यास होईना, आणि बारावीत नापास झाले तर लग्न, हे बाबांनी ठरवलेलं.

शेवटी आईने सुतार बोलावला. "भैया, आडोसा छत तक करना."

"पार्टिशन ना, भाभीजी?" म्हणत तो आधी साडीच्या माझ्याकडच्या बाजूला बसला, मग भावांच्या. दोन्हीकडून त्याने एकुलत्या पंख्याकडे पाहिलं. "ऊपर खुला रखूँगा. हवा का बँटवारा मैं नहीं करता." मग भावांना दटावलं, "और तुम लोग, आवाज़ नीची!"

त्याचं नाव कुणीच विचारलं नाही. त्या प्लायवूडमागे बसून मी बारावी पास झाले, मग बीकॉम. आमच्या घरातली पहिली पदवीधर मीच.