दळणाचा नंबर

गिरणीवाल्या अण्णानं आमचा डबा मागं सरकवला. हातानं नाही, पायानं. डब्यात नाचणी होती आणि डब्याला धरून मी उभी होते. सातवीत होते तेव्हा.

"तुमचं शेवटी," तो म्हणाला. "वरच्या आळीचं झाल्यावर."

गिरणी उघडायच्या आधीपासून मी पायरीवर बसले होते. नंबर माझाच पहिला. पण आम्ही बौद्धवाडीतले. दळून झालं तरी गिरणीच्या दगडांत थोडं पीठ राहतं, ते मागून येणाऱ्याच्या पिठात उतरतं. आमचं पीठ वरच्या आळीच्या पिठात गेलेलं चालत नाही. त्यांचं आमच्यात आलेलं चालतं. याला गावात रीत म्हणतात.

वरच्या आळीचे डबे येत राहिले, आमचा मागं जात राहिला. मग लाईट गेली. धरण आमच्या उशाला, तरी लाईट जाते. आई वाडीत पीठ उसनं मागत फिरली. कोण देणार? सगळ्यांचेच डबे गिरणीत अडकलेले. त्या दिवशी घरात तवा तापला नाही. आईनं मलाच दोन रट्टे घातले. "नीट हुबं बी ऱ्हाता येत न्हाई व्हय गं?" तिचा राग दुसऱ्या कुणावर निघणार होता?

पुढं कॉम्प्युटरच्या डिग्रीला पुण्यात गेले. पहिलं वर्ष तोंड मिटून काढलं. मी 'आहे'ला 'हाय' म्हटलं की मागच्या बाकांवर खसखस पिकायची. मशीनला मात्र माझ्या बोलीशी, आडनावाशी काही देणंघेणं नव्हतं. प्रोग्रॅम बरोबर लिहिला की चालायचा. मला ते आवडलं. फार आवडलं.

एका तासाला सर शिकवत होते, प्रोसेसर एकच आणि कामं पुष्कळ असली तर नंबर कसे लावायचे. म्हणाले, "खालच्या दर्जाचं काम रांगेत थांबलेलं असतं. वरच्या दर्जाची कामं येतच राहिली तर त्याचा नंबर कधीच लागत नाही. याला स्टार्व्हेशन म्हणतात. उपासमार."

वर्गानं उतरवून घेतलं. माझा हात थांबला. मी उठून विचारलं, "सर, त्या कामाची चूक काय असते?"

"चूक काहीच नसते. रांग लावणाऱ्यानं नियमच तसा लिहिलेला असतो."

"मग उपाय?"

"नियम बदलायचा. जो जास्त थांबला, त्याचा दर्जा वाढवत न्यायचा."

सर पुढच्या मुद्द्यावर गेले. मी गेले नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की रीत ही डोंगरासारखी, आहे ती आहे, आणि चूक माझ्या उभं राहण्यात आहे. इथं एक माणूस हातात खडू घेऊन सांगत होता की क्रम कुणीतरी लिहितं. लिहिलेलं खोडता येतं. बाकी जे शिकले त्यावर हिंजवडीत नोकरी लागली. हे मात्र मी पोटाशी धरून गावी आणलं.

यंदा सुट्टीत आईबरोबर दळण घेऊन गेले. अण्णा आता म्हातारा झालाय. मला बघून खूश झाला. "बरं झालं आलीस म्याडम. ह्यो गिरणीतला क्यामेरा मोबाईलमदी दिसंना झालाय. बघ की जरा."

मी नीट करून दिला. "लई हुशार पोरगी," तो जमलेल्या बायांसमोर म्हणाला. आई लाजून हसली.

तेवढ्यात वरच्या आळीची एक काकी डबा घेऊन आली. अण्णानं आमचा डबा उचलून बाजूला ठेवला. या वेळी हातानं. माझ्या डिग्रीनं एवढी सुधारणा झाली होती.

"वैनीचं हुंदे आदी," तो म्हणाला. "तू शिकल्याली हायेस, तुला सांगाय नगं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डबा उचलला, गिरणीच्या तोंडापाशी नेला आणि तिथंच उभी राहिले.

"अण्णा, आमी आदी आलोय. आदी आमचं." पुण्यात घासूनपुसून काढलेली बोली नेमकी तेव्हाच तोंडात आली.

"रीत हाय ती."

"का हाय? सगळ्यांम्होरं सांगा. क्यामेरा आत्ताच चालू केलाय मी. आवाज बी येतोय त्यात."

अण्णा वर कॅमेऱ्याकडं बघत राहिला. काकी म्हणाली, "नोकरी लागली म्हून डोक्यावर बसतीस व्हय?"

आईनं माझं कोपर ओढलं. "चल गं. तू जाशील उद्या. मला हितं ऱ्हायचंय."

काकीच्या बोलण्यापेक्षा हे जास्त लागलं, कारण ते खरं होतं. तरी हलले नाही. "आये, तू हितं ऱ्हातीस म्हूनच," मी म्हणाले.

अण्णानं बटण दाबलं. आमची नाचणी आधी दळली गेली. काकी डबा उचलून तरातरा निघून गेली.

आता वरच्या आळीतल्या काही जणी जीपनं पौडच्या गिरणीत दळण नेतात. खुशाल न्या. तिथं त्यांच्या आधी कुणाचं दळलं, हे त्यांना कोण सांगणार?

गावात मला माजलेली म्हणतात. म्हणू दे. आमचा डबा पुन्हा मागं सरकवला तर मी तक्रार लिहून देईन, नावानिशी. कायदा मी वाचलाय. मला काळजी फक्त आईची वाटते, मी पुण्यात असताना गिरणीत तिलाच उभं राहायचं असतं. दळणाच्या आदल्या दिवशी ती फोन करते. आवाज बारीक असतो.

"आता दर खेपंला असंच भांडायचं का गं?"

"व्हय आये. दर खेपंला. त्यास्नी दमू दे. आपुन न्हाई दमायचं."