एकशे सतरा नंबरचं नाव

भूत, करणी, बाहेरची बाधा... असल्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला किळस येते. माझे वडील कामगारांची पत्रकं छापायचे. त्यांच्या घड्या घालता घालता मी वाचायला शिकले. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय.

सुरतजवळच्या कडोदऱ्यात, कापडाच्या एका लूम कारखान्यात मी ऑफिस सांभाळते. आमचे शेठ कॉम्प्युटरही लूमसारखाच बंद करतात — थेट मेन स्विच खाली! शंभरदा सांगून झालं. कारागिरांची नावंही त्यांना जड जातात, म्हणून प्रत्येकाच्या भरतीच्या फॉर्मची फाइल कॉम्प्युटरवर टोकन नंबरने ठेवायची, असा हुकूम.

मागच्या महिन्यात आमचे एक कारागीर, रामदासभाऊ, यांचा हात मशीनमध्ये गेला. शेठ सरळ म्हणाले, "ए माणस आपणो छे ज नहीं." रामदासभाऊंची बायको विमलबाई नवागामहून रोज येऊन गेटवर उभी राहायची. नवरा इथे कामाला होता, एवढा एक कागद तिला हवा होता.

त्या दुपारी डबा खाऊन आले, तर शेठ माझ्या खुर्चीवर! फॉर्मचं अख्खं फोल्डर डिलीट करत होते. मला पाहिलं आणि घाबरून मेन स्विच पाडला. शूरवीर!

मी परत चालू केला. असा मध्येच बंद पडलेला कॉम्प्युटर आधी डिस्क तपासतो. ज्या फाइलींचा पत्ता तुटलाय, त्या वेगळ्या फोल्डरात टाकतो. नाव देत नाही, नुसते आकडे देतो. तसंच झालं. आकडेच आकडे... आणि मध्ये एक फाइल, चक्क देवनागरीत — 'रामदास भिका'.

उघडली. फोटो, अंगठा, कामाला लागल्याची तारीख.

शेठचा चेहरा उतरला. "बेन, आ नाम कोणे लख्युं?"

"तुम्हीच शोधा," म्हणत मी दोन प्रिंट काढल्या.

गेटवर विमलबाईंनी विचारलं, "ताई, त्यासनं नाव सापडनं का?" मी कागद हातात दिला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची लटकलेली! माणसाचा हात गेला, तेव्हा या माणसाला कशाची भीती वाटली नव्हती.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मित्र म्हणतो, "तूच दिलं असशील नाव." दिलं असतं तर छाती ठोकून सांगितलं असतं. कोणी दिलं, मला आजही माहीत नाही. मी नक्कीच नाही... चार वर्षं मीही रामदासभाऊंना "ओ एकशे सतरा" अशीच हाक मारत होते.